त्रेचाळीस हातांवरचं हाड

त्या दिवशी विहिरीच्या तोंडाशी नऊ माणसं होती, दोन रहाट, सहा दोर, अकरा टोपल्या, चार कुदळी, तीन पहारी आणि बाभळीच्या सावलीत बसलेली एक म्हातारी. विहिरीचा व्यास बारा हात. खोली त्रेचाळीस हात, मी स्वतः गाठी मारलेला दोर सोडून मोजलेली. वरचे नऊ हात काळी माती, त्याखाली तळापर्यंत पिवळी चिकणमाती, तिच्यात चुनखडीचे खडे आणि गोगलगायीचे शंख. पाणी नाही. सकाळपासून दहा टोपल्या वर आल्या, त्यांत माती होती. अकराव्या टोपलीत एक हाड होतं.

सन १८६५चा वैशाख. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडचा कापूस विलायतेला हवाहवासा झाला होता आणि तो लवकर मुंबईला पोचावा म्हणून अकोल्यापर्यंत आगगाडी आणायची घाई चालली होती. इंजिनाला पाणी लागतं. त्यासाठी मोर्णा नदीच्या काठाने विहिरी खणायचं काम एका कंत्राटदाराने घेतलं होतं आणि त्याच्याकडे मापं टिपायला मी होतो. मी अमरावतीच्या राजापेठेतला. मुंबईला जाऊन सृष्टिशास्त्र शिकलो, परीक्षा दिली, वर्षभर वैद्यकशाळेतही होतो. प्रेतं फाडायची वेळ आल्यावर आईने शपथ घातली, म्हणून परत आलो. पण तोवर हाडं पाठ झाली होती.

टोपलीतलं हाड मी पुसलं. चुन्याची पांढरी साय चढलेली. वरचं टोक तुटलेलं.

"काय हाय थे, पंत?" खोदणाऱ्यांचा मुकादम जानराव रहाटावरूनच ओरडला.

"मांडीचं हाड."

मी एवढंच म्हणालो आणि बाभळीखालची म्हातारी उठली.

तिचं नाव मनकर्णा. विहिरीला लागून तिच्या घरचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू. ती रोज सकाळी भाकर बांधून यायची आणि दिवस मावळेपर्यंत बसायची. कशासाठी, ते जानरावने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बारा वर्षांपूर्वी तिच्या दोन मुलांनी याच काठावर, आमच्या विहिरीपासून वीस हातांवर, मळ्यासाठी विहीर खणायला घेतली. सत्तावीस हात गेल्यावर अवकाळी पाऊस झाला आणि काळ्या मातीची भिंत आत कोसळली. थोरला, खुशालराव, वर रहाटावर होता. धाकटा, देवीदास, खाली होता. एकोणीस वर्षांचा. त्याला काढायला कोणी उतरेना, भिंती अजून पडत होत्या. पुढे तो खड्डा नुसता बुजवला.

ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्यावर पीठ लिंपतात आणि तो जाळतात. म्हणजे माणूस सुटतो. खुशालराव दरसाल तसा पुतळा करी आणि म्हातारी दरसाल पुतळा मोडून टाकी. "पानाचा पोरगा म्या नाही जनला," असं म्हणे.

ती आली. माझ्याकडे पाहिलंही नाही. हाड हातात घेतलं आणि डोळे मिटून त्याच्यावरून अंगठा फिरवला. वरून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, बाहेरच्या बाजूला, हाडाला एक उंचवटा होता. सुपारीएवढा. तिथे अंगठा थांबला.

"बैलगाडीवरून पडला होता," ती म्हणाली. "नऊ वर्साचा असन. हाडवैदानं बसवलं, पण गाठ राह्यली. रोज तेल लावताना हाताले लागे." मग डोळे उघडले. "बापू, डावा पाय हाय का उजवा?"

"उजवा," मी म्हणालो.

"उजवाच मोडला होता."

कोणीतरी डोक्याचं पागोटं काढलं. मी सवयीने हाड ताजव्यात टाकलं आणि वहीत लिहिलं: दोन शेर नऊ छटाक. लिहिताना मनात आलं की हे फार आहे; वैद्यकशाळेत मांडीची जी हाडं हाताळली त्यांतलं एकही अर्ध्या शेरावर गेलं नव्हतं.

"जड आहे, मावशी," मी म्हणालो.

"बारा वर्सं माती पिऊन राह्यला. जड नाही व्हनार?"

ती हाड पदरात घेऊन गेली. मला दोन प्रश्न विचारले गेले होते आणि दोन्ही उत्तरं मी बरोबर दिली होती. हाड कोणाचं, हे कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी, अर्धा हात आणखी खाली, दुसरं हाड आलं. तसंच, फक्त डावं. त्यालाही वरून तिसऱ्या हिश्श्यावर, बाहेरच्या बाजूला, सुपारीएवढा उंचवटा होता.

मोडून जुळलेलं हाड आरशातल्यासारखं दुसऱ्या पायाला होत नाही. मी ते गोणपाटात गुंडाळलं आणि अमरावतीच्या वाटेला लागलो. त्या वाटेवर, अकोल्याच्या वेशीबाहेर, मेलेली जनावरं टाकत. वाटेत कापसाच्या बावन्न गाड्या ओलांडल्या. गाडीवान गात होते. त्या जागी बैलांची हाडं पुष्कळ होती, त्यांना उंचवटा नव्हता. शोधता शोधता एका टांग्याच्या घोड्याचा सांगाडा दिसला. मी त्याची मांडी शेजारी ठेवली. उंचवटा तिथेच, तेवढाच. प्रत्येक घोड्याला असतो. घोड्याचं हाड हलकं होतं, माझ्या गोणपाटातलं दगड होतं. नखाने खरवडलं तर नख झिजलं.

मी तिथेच खाली बसलो. विहिरीची भिंत डोळ्यांपुढे आली. रोज मी ती पाहत होतो, मापत होतो, रंग लिहून घेत होतो. सुतासारख्या बारीक रेघा, एकीवर एक, कुठे तुटलेल्या नाहीत. त्या मातीत कोणी खड्डा करून काही पुरलं नव्हतं. नदीला पूर आला, तिने गाळ पसरला, तो वाळला. पुन्हा पूर आला. घोडा त्या काठावर मेला तेव्हा जमीन तिथे होती, त्रेचाळीस हात खाली. आमची काळी माती, तिच्यातला कापूस, अकोल्याचा किल्ला, जुन्या शहरातल्या गल्ल्या, सगळं त्या रेघांच्या वर, शेवटच्या नऊ हातांत. मी हाड पुन्हा गोणपाटात गुंडाळलं. दुपारचं ऊन होतं.

मी थेट मळ्यात गेलो. खुशालराव वांग्यांना पाणी देत होता. पन्नाशीला आलेला, ओढलेल्या चेहऱ्याचा माणूस. मी गोणपाट उघडलं आणि सांगितलं.

त्याने हाड हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. "घोड्याचं?"

"घोड्याचं."

"मायले सांगितलं?"

"आता सांगायला आलो."

त्याने फावडं टाकलं आणि माझा हात धरला. "पंत, पाया पडतो. उद्या जाळून राह्यलो आमी. काल म्हातारी पोटभर जेवली. बारा वर्सांत पयल्यांदा, 'खुशाल, आनखी एक भाकर दे' म्हने. तिचं वय पाहा. तुमाले काय फरक पडते घोडा का मानूस? जाळल्यावर सगयाची राखच होते ना?"

घरातून म्हातारीचा आवाज आला. "कोन हाय रे?"

"कोनी नाई माय. पंत आले, भाजी पायजे म्हने."

"मेथी दे. पैसे नको घेऊ त्याचे. त्यानं माहा पोरगा दिला मले."

मी मेथीची जुडी घेऊन परत आलो. गोणपाट माझ्याच खोलीत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्याच्या बांधावर चिता रचली. ते एकच हाड, त्याला हळद-कुंकू आणि नवं धोतर. भावाने अग्नी दिला. मी जानरावच्या शेजारी उभा होतो. म्हातारी घराच्या उंबऱ्यावर बसून पाहत होती. लाकडं चांगली पेटली. मधेच फटाक्यासारखा आवाज झाला आणि चुनखडीचा एक तुकडा उडून माझ्या पायाशी पडला. "कवटी फुटली," मागे कोणी म्हणालं. कवटी नव्हतीच, पण त्याला कोणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात विहिरीला सेहेचाळीस हातांवर पाणी लागलं. जानरावने ओंजळ भरून तोंडात घेतलं आणि थुंकला. खारं. इंजिनाच्या कामाचं नाही. कंत्राटदाराने निरोप पाठवला, पुढची जागा ठरेपर्यंत थांबा.

चितेच्या तिसऱ्या दिवशी राख सावडायला म्हातारी स्वतः आली. कोणी अडवलं नाही. तिने राखेत हात घातला आणि तो हात तसाच राहिला.

मग तिने हाड बाहेर काढलं. काळं पडलेलं, अखंड. सुपारीएवढा उंचवटाही जागच्या जागी.

खुशालराव मागे सरला. "माय... थे ठेव खाली."

"जळला नाही," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "सात मन लाकूड जळलं अन् हा नाही जळला. काहून नाही जळला?" मग तिथेच राखेत बसली. "काय पाप केलं व माह्या पोरानं? आगबी घेईना त्याले?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दगड जळत नाही, हे शाळेतलं पोर सांगेल. मी ते वजन लिहिलं होतं, नखाने खरवडलं होतं, आणि तरी चितेपाशी उभा राहून मी राख होण्याची वाट पाहिली होती.

"मावशी, त्याने काही केलं नाही," मी म्हणालो. "ते त्याचं हाड नाही. घोड्याचं आहे."

तिने वर पाहिलं.

मी पळत जाऊन गोणपाट आणलं. डावं हाड तिच्यापुढे ठेवलं. तिने डोळे मिटले, एका हातात एक घेतलं, दुसऱ्यात दुसरं. दोन्ही अंगठे एकाच वेळी थांबले.

विहिरीच्या रहाटावर एक कावळा येऊन बसला आणि उडाला.

"कई कयलं तुले?"

"जाळायच्या आदल्या दिवशी."

"अन् मेथी घेऊन गेला."

"हो."

"खुशालले ठाव होतं?"

खुशालरावने मान खाली घातली. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हाडं जमिनीवर ठेवली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पदराने जळलेल्या हाडावरची राख पुसली.

"कोनाचा घोडा हाय हा?" तिने विचारलं.

"कोणाचा नाही."

"घोडा हाय म्हनतो, अन् कोनाचाच नाही?"

"त्या वेळी घोड्याला मालक नसावा, मावशी. माणसंच इथे असतील की नाही, मला माहीत नाही."

"मानसंच नाही?" जानराव पुढे आला. "अकोल्यात? मंग नदीवर कोन होतं?"

"हा होता." मी हाडाकडे बोट केलं. "आणि गोगलगायी."

जानराव हसायला गेला आणि त्याचं हसू मधेच राहिलं. तो विहिरीत उतरलेला माणूस होता. ते शंख त्याने स्वतःच्या हातांनी बाहेर टाकले होते.

"किती वर्सं झाली त्याले?" म्हातारी म्हणाली.

मी तिला गाळाचं सांगितलं. दर पुरात नदी थोडी माती टाकते. हाताचे अठरा इंच, म्हणजे त्रेचाळीस हातांचे सातशे चौऱ्याहत्तर इंच. अंगठ्याच्या पेरावर इंच दाखवला. "दर पावसाळ्यात एवढी माती साचली असं धरलं, तर सातशे चौऱ्याहत्तर वर्षं."

"सातशे!" खुशालराव म्हणाला.

म्हातारी माझ्या अंगठ्याकडे पाहत होती. "इतकी नाही साचत," ती म्हणाली. "काठावरच्या महादेवाची खालची पायरी, दर पावसायात पुरात जाते. माही सासू तिच्यावर धुनं धूये. मी धूते. अंगठाभर दर साली, तर पायरी कईची गाडली असती. अजून ढोपराइतकी वर हाय."

ते बरोबर होतं. मुंबईला चार वर्षं शिकून मी अंगठा दाखवला होता आणि तिने पायरी दाखवली.

"मंग किती साचते?"

"माहीत नाही. कोणी मोजलेलं नाही."

"तू मापाड्या ना? मोज मंग." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "पन आधी माहा पोरगा. कुठी हाय तो?"

"जुन्या विहिरीत. तुम्ही म्हणता तिथेच. सत्तावीस हातांवर."

तिने जानरावकडे पाहिलं. जानरावने आपल्या माणसांकडे पाहिलं. मेलेल्या माणसाची विहीर पुन्हा उकरत नाहीत. ती पुन्हा माणूस मागते असं म्हणतात. एक जण पुटपुटला की आमची बायकापोरं आहेत. दुसरा म्हणाला, कंत्राटदार मजुरी देणार नाही.

"थे पाय बे," जानराव म्हणाला, "खाऱ्या पान्यासाठी सेहेचाळीस हात उतरलो आपन. मानसासाठी सत्तावीस नाही उतरनार? अन् भिंतीले लाकडं लावू. बारा वर्साआधी कोनी लावली नाही, म्हून गेला तो." मग हळू म्हणाला, "मी होतो तवा अठी. मी नाही उतरलो."

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. म्हातारीला मात्र ते ठाऊक असावं. तिने नुसती मान हलवली.

आगगाडीच्या फळ्या पडून होत्या, त्या आम्ही न विचारता घेतल्या. बुजवलेली माती भुसभुशीत, हातात सुटणारी. शेजारच्या विहिरीच्या भिंतीसारख्या रेघा तिच्यात कुठेच नव्हत्या. पाच दिवस लागले. प्रत्येक हातावर फळ्यांचं कडं. मी रोज सकाळ-संध्याकाळ भिंती तपासत होतो आणि वर म्हातारी बाभळीखाली बसत होती. त्याच पाच दिवसांत अमेरिकेतली लढाई थांबल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. अमरावतीहून आलेल्या गाड्या अकोल्याच्या बाजारात माल न उतरवता उभ्या राहिल्या. माणसं रस्त्यात एकमेकांना थांबवून विचारत होती, खरं का? मीही स्वतःला सारखं तेच विचारत होतो, पण देवीदास खरंच खाली सापडेल का, याबद्दल.

पाचव्या दिवशी दुपारी जानराव खालून ओरडला नाही. दोर दोनदा हलवला. वर आली ती टोपली त्याने स्वतःच्या धोतराने झाकली होती. खोली सव्वीस हात.

खुशालरावने धोतर बाजूला केलं आणि तो बसला तो बसलाच. पंचवीस-तीस तुकडे होते, एक चांदीचा कडदोरा, आणि उजव्या पायाची मांडी. म्हातारीने ती उचलली. या वेळी डोळे मिटले नाहीत. गाठ मधोमध होती, वाकडी, ओबडधोबड, कुठल्याही प्राण्याला निसर्गाने दिलेली नसावी अशी.

"हा," ती म्हणाली. "हा हाय."

मग तिने हाड माझ्यापुढे धरलं. "घे. तोल. त्या घोड्याचं तोललं होतं तसं."

मी तोललं. सात छटाक.

"हलका हाय," ती म्हणाली. मग पहिल्यांदाच रडली. खुशालरावने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिने तो राहू दिला.

दुसऱ्या सकाळी बांधावर पुन्हा चिता रचली. दुपारपर्यंत राख झाली. सगळीच. तिसऱ्या दिवशी ती मोर्णेच्या डोहात सोडली. उन्हाळ्यातली नदी, नुसती डबकी. राख पाण्यावर बराच वेळ फिरत राहिली आणि मग खाली गेली.

डोहावरून परतताना म्हातारी घरात गेली आणि एक पितळी परात घेऊन आली. "हिच्यात खुशालनं पुतळ्याचं पीठ मळलं होतं," ती म्हणाली. "मले नको घरात. तुह्या मापाले व्हईन."

महादेवाच्या खालच्या पायरीजवळ, जिथे दर पुरात पाणी चढतं आणि थांबतं, तिथे मी ती परात जमिनीच्या पातळीत बसवली आणि चार बाजूंनी चार दगड पक्के केले. घोड्याची दोन्ही हाडं आम्ही आमच्या खाऱ्या विहिरीत परत टाकली. तसं कोणी सांगितलं नव्हतं. जानरावने टाकली आणि मी नको म्हणालो नाही.

त्या पावसाळ्यात नदीला तीन पूर आले. दोन पायरीच्या वर गेले. कापसाचा भाव पडलेलाच होता, पुष्कळ घरांना कुलपं लागली, कंत्राटदार खामगावकडे सरकला. मी मुद्दाम मागे राहिलो. आश्विनात पाणी उतरलं आणि चिखलाला भेगा पडायला लागल्या तेव्हा म्हातारीला घेऊन नदीवर गेलो. ती पायरीवर बसली. परात जागची हलली नव्हती. आतला गाळ वाळून सपाट झाला होता, वर एक शंख, कुठल्याशा पक्ष्याच्या पायांचे ठसे.

मी कंपासाचं टोक पाच ठिकाणी खाली घातलं, प्रत्येक वेळी पितळेला लागेपर्यंत, आणि प्रत्येक माप पट्टीवर धरून वहीत लिहिलं. मग बेरीज केली, पाचाने भागलं. पुन्हा पाच ठिकाणी घातलं.

"किती?" तिने विचारलं.

"एका इंचाचा विसावा भाग. म्हणजे सातशे चौऱ्याहत्तर वर्षं वीस वेळा, मावशी."